पडद्यामागची माणसं : छायाबाहुल्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातल्या चामड्याच्या बाहुल्यांवर मी दीड पान लिहिलं आणि शेवटी सहज म्हटलं, काही विचारायचं असेल तर कळवा. परवा संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवला. आधीच सांगते, मी संशोधक नव्हे. कुडाळ तालुक्यातल्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर, जिथं पडद्यामागे दिवा लागतो तिथं जाऊन बसायचं वेड लागलं, एवढंच. सगळ्या पत्रांना इथं जागा नाही. काहींना पोस्टकार्ड टाकलंय.

बाई, मे महिन्यात मुलांना घेऊन पिंगुळीला गेलो होतो. तिथं दोऱ्यांच्या बाहुल्या दाखवल्या, कागदावरची चित्रं दाखवली आणि चामड्याच्या बाहुल्याही. मुलांच्या डोक्यात सगळी खिचडी झालीये, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. यातलं छायानाट्य नेमकं कुठलं?
*— एक आई, मुलुंड*

खिचडी होणारच, कारण तिन्ही कला एकाच घरात नांदतात. पिंगुळीच्या ठाकर आदिवासी समाजात एकच माणूस सकाळी चित्रकथीची पोथी उघडतो, दुपारी कळसूत्री नाचवतो आणि रात्री चामड्याच्या बाहुल्या पडद्याला लावतो. चित्रकथीत एकेक चित्र समोर धरून वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं कथा सांगतात. कळसूत्री म्हणजे दोऱ्यांवरच्या लाकडी बाहुल्या. तिसऱ्या प्रकारात चामड्याची आकृती पांढऱ्या कापडाला मागून टेकवतात, तिच्यामागे दिवा असतो आणि आपण कापडाच्या अलीकडे बसतो. तेच छायानाट्य. गावात त्याला कुणी छायानाट्य म्हणत नाही, ‘चामड्याच्या बाहुल्या’ म्हणतात. मुलांनाही तोच शब्द द्या.

तुम्ही गेलात ते बहुधा परशुराम गंगावणे यांचं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ असावं. घरच्या गुरांच्या गोठ्याचं त्यांनी संग्रहालय केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षीच्या यादीत केरळचे छायाबाहुलीकार रामचंद्र पुलवर यांचंही नाव होतं. एकाच कलेच्या दोन टोकांना एकाच यादीत आलेलं पाहून मला कोण आनंद झाला होता, पण शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, “दोघे एकमेकांक वळाखतत काय?” मला अजून त्याचं उत्तर देता आलेलं नाही.

पुढच्या वेळी जाल तेव्हा एक करा. खेळ संपला की “मागे येऊन बघू का?” असं विचारा. कुणी नाही म्हणत नाही. लहानपणी देवळातल्या जागराला आजी मला मांडीवर घट्ट धरून ठेवायची. “रावण मरापर्यंत हलाचा नाय” असा तिचा दम असायचा. रावण मरेपर्यंत मी झोपलेली असायचे. पडद्यामागे मी पहिल्यांदा गेले तेव्हा नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. मुलांना सावली कशी काढायची ते शिकवणाऱ्या बाईनं सावली पाडतात कशी ते एवढ्या उशिरा बघावं, याची अजून लाज वाटते.

काकू, मी नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. मागच्या वर्षी एका महोत्सवात ‘तोगलू गोंबेयाट’ (तिथला चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ) पाहिलं. खेळ कन्नडमध्ये होता. नंतर सामान आवरताना म्हातारे कलावंत बायकोशी जे बोलत होते ते मला चक्क समजत होतं. मराठीसारखं काहीतरी. माझ्या कानांचा दोष, की खरंच?
*— एक वाचक, बंगळुरू*

कान उत्तम आहेत तुमचे. या गठ्ठ्यातलं हे माझं सगळ्यात आवडतं पत्र.

दक्षिणेत चामड्याच्या बाहुल्या खेळवणारी बरीच घराणी घरात मराठीची एक बोली बोलतात. कर्नाटकात त्यांना किळ्ळेक्यात किंवा शिळ्ळेक्यात म्हणतात. आंध्रात तोलुबोम्मलाट, म्हणजे तिथला हाच खेळ, करणारे ‘आरे कापू’ आहेत. तेलुगू-कन्नडमध्ये ‘आरे’ म्हणजे मराठा, मराठी माणूस. तमिळनाडूतल्या तोलपावैकूत्तुवाल्यांना मंडिगर म्हणतात. त्यांचीही घरची भाषा मराठीच, आणि आपले पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या काळात आले असं ते सांगतात. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि भोसल्यांचं ते राज्य 1855 पर्यंत चाललं, म्हणजे सांगण्यात तथ्य असायला जागा आहे. कर्नाटक-आंध्रातल्या लोकांचं येणं मात्र एकाच लाटेतलं मानू नये. बाहुलीवाला पोटामागे जातो, राजामागे दर वेळी जातोच असं नाही.

आता गंमत बघा. पडद्यापुढे कन्नड, तेलुगू नाहीतर तमिळ. राम तमिळमध्ये रडतो, रावण तेलुगूत गरजतो. आणि पडद्यामागे, “तो दिवा सरकव”, “ती बाहुली दे”, हे सगळं मराठीत, म्हणजे त्या बोलीत. शेकडो वर्षं या माणसांनी प्रेक्षकांची भाषा तोंडात आणि स्वतःची भाषा पडद्याआड ठेवली. आपण इथं सभा भरवून मराठी कशी टिकेल यावर बोलतो. तिथं ती बाहुल्यांच्या पेटीशेजारी अंथरुणात टिकलीये, आणि कुणी तिचा सत्कारही केलेला नाही. (हे वाक्य संपादक कापतील असं वाटलं होतं. कापलं नाही.)

2025 साली कोप्पळ जिल्ह्यातल्या मोरनाळच्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना पद्मश्री मिळाली. वय नव्वदीच्या पुढे. आडनाव नीट वाचा, समाजाचं नावच त्यात आहे. त्याआधी 2020 मध्ये आंध्रातल्या निम्मलकुंटाचे दळवायी चलपती राव यांना मिळाली होती. ‘दळवायी’ वाचून तुम्हाला आपला कुणी दळवी आठवला तर मी काही बोलणार नाही. उगाच नाती जोडायची मलाही खोड आहे.

पुढच्या महोत्सवात त्या म्हाताऱ्या बाबांशी तुम्हीच मराठीत बोलायला सुरुवात करा. काही शब्द अडतील. अडू देत.

छायाबाहुल्यांच्या खेळाचा जुना लेखी पुरावा आहे का? की ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं सगळेच म्हणतात तसं?
*— निवृत्त संस्कृत शिक्षक, पुणे*

सर, ‘हजारो वर्षं’ हे शब्द मी वर्गात फळ्यावर लिहू देत नसे. पण तुम्हाला आवडेल असा एक पुरावा आहे. महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर, मूळचे आपल्या कोपरगावचे. सतराव्या शतकात काशीत राहून त्यांनी ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. शांतिपर्वात ‘रूपोपजीवन’ असा शब्द येतो. त्यावर ते सांगतात की ही गोष्ट दाक्षिणात्यांमध्ये प्रसिद्ध आहे, तिच्यात बारीक वस्त्र मध्ये धरून चामड्याच्या आकृत्यांनी राजा, अमात्य वगैरेंचं वागणं दाखवतात. मूळ महाभारतात त्या शब्दाचा अर्थ तोच होता का, यावर तुम्ही मंडळी खुशाल भांडा. मला एवढं पुरे की काशीत टीका लिहिताना गोदाकाठच्या या माणसाला तो पडदा डोळ्यांपुढे दिसला.

तेराव्या शतकातल्या सुभटाच्या ‘दूतांगद’ या संस्कृत नाटकाला ‘छायानाटक’ म्हटलंय. पण तिथं छाया म्हणजे खरीच सावली, की आधीच्या नाटकांची छाया, यावर एकमत नाही. त्यामुळे तो साक्षीदार मी बोलावत नाही.

नातवंडं सुट्टीत येतात आणि मोबाइल सोडत नाहीत. तुमचा लेख वाचून चादर लावली, ट्यूबलाइट लावली, पुठ्ठ्याचा हनुमान केला. पडद्यावर नुसता धुरकट डाग. नातू म्हणतो, “आबा, हे लोड होतंय का?” काय चुकलं?
*— एक आजोबा, नाशिक*

आबा, चूक हनुमानाची नाही, ट्यूबची आहे. चार फूट लांबीच्या ट्यूबच्या प्रत्येक इंचातून हनुमानाची वेगळी सावली पडते आणि त्या सगळ्या एकमेकींवर चढतात. दिवा जितका लहान, सावली तितकी रेखीव. म्हणून जुने लोक वातीवर खेळायचे. तुमच्याकडे वातीइतका बारीक दिवा आहेच, नातवाच्या हातात! त्याच्या मोबाइलची टॉर्च. तो मागितलात की एका दगडात दोन पक्षी.

चादर काढा. टेरिकॉट असेल तर चमकते आणि उजेड परत फेकते. जुनं धोतर किंवा विटलेली पांढरी सुती साडी घ्या, दाराच्या चौकटीत ड्रॉइंग पिनांनी ताणून लावा आणि हलकं पाणी शिंपडा. सुरकुत्या जातात आणि कापड तट्ट बसतं. टॉर्च कापडापासून पाचसहा फुटांवर, बसलेल्या मुलांच्या डोक्यावरून उजेड जाईल इतकी उंच, स्टुलावर डबा आणि डब्यावर टॉर्च. मुलांनी जमिनीवर बसून हात वर करून बाहुल्या कापडाला अगदी चिकटवून धरायच्या. बाहुली कापडापासून टॉर्चकडे नेली की सावली मोठी होते आणि कडा जराशा विरघळतात. हनुमान समुद्र ओलांडताना मोठा कसा होतो, हा प्रश्न तिथंच सुटतो.

पुठ्ठा म्हणून लग्नपत्रिका सगळ्यात छान, आणि घरात त्यांचा तोटा नसतो. काडीला झाडूचे हीर. हात हलता हवा असेल तर खांद्याशी भोक पाडून दोऱ्याची गाठ मारा. चेहरा बाजूने काढा. समोरून काढलेला चेहरा सावलीत नुसता नारळ दिसतो. डोळ्याला भोक पाडायला विसरू नका, सगळा जीव त्या भोकात असतो.

रंग हवेत तर माझी एक युक्ती घ्या. साध्या पांढऱ्या कागदावर स्केचपेननं गडद रंगवा, वाळू द्या आणि मागून खोबरेल तेलाचा बोळा फिरवा. कागद पारदर्शक होतो आणि पडद्यावर रंग उजळतात. चामड्याच्या बाहुलीत हेच असतं. कातडं भिजवून, ताणून, खरवडून इतकं पातळ करतात की उजेड आरपार जातो. मग दागिने, कपड्यांच्या काठांची नक्षी बारीक छिन्नीनं कोरतात. रंगीत सावली दिसते ती त्यामुळेच.

तेलकट कागद आणि ज्योत यांची गाठ मात्र कधी घालू नका. हा माझा स्वतःचा पराक्रम. एका वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही लंकादहन बसवलं. उजेड भरपूर पडावा म्हणून मी हट्टानं मोठा हॅलोजन लावला, तोही हातभर अंतरावर. हनुमान झाला लंकेवर स्वार, आणि दोन मिनिटांत त्याची शेपटी खरोखरच पेटली. ज्या पोरानं तो धरला होता त्यानं प्रसंगावधान राखून पाण्याच्या बादलीत बुडवला. पुढे बसलेल्या पालकांना वाटलं हा समुद्र. टाळ्या थांबेनात. हेडमास्तरांना खरं काय ते दुसऱ्या दिवशी पडद्याला पडलेलं भोक बघून कळलं. तेव्हापासून मी एलईडीशिवाय काही लावत नाही.

आणि आबा, सगळी नातवंडं पडद्यामागे घ्या. प्रेक्षक म्हणून घरची मोठी माणसं पुरेत. पुढे बसलेलं मूल वीस मिनिटांत कंटाळतं. मागे बसलेलं जेवायला उठत नाही.

बाहुल्या खऱ्या कातड्याच्या असतात हे ऐकून माझी मुलगी बघायलाच तयार नाही. तिला काय सांगू?
*— एक बाबा, सांगली*

खरं सांगा. कातडं खरंच असतं, आता बहुतेक ठिकाणी बकरीचं. पूर्वी हरणाचंही असे. आंध्रात तर देवांच्या बाहुल्यांना एक कातडं, भीम-रावणासारख्या योद्ध्यांना ठिपकेवाल्या हरणाचं, बाकीच्यांना बकरीचं अशी वाटणी सांगतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाचा प्रश्न मिटला. घरोघर जपलेल्या जुन्या बाहुल्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. ओडिशातल्या रावणछायेच्या (तिथल्या छायानाट्याचं हे नाव) बाहुल्या पारंपरिकरीत्या हरणाच्याच, लहान, बिनरंगी, बिनसांध्याच्या. एकही अवयव हलत नाही आणि तरी चालतात. त्या बघून मला माझी सगळी चित्रकला फुकट वाटली होती.

मुलीला नको वाटत असेल तर नको. तेलकट कागदाचा राम तिला चालेल ना? तो वर सांगितलाय.

माझा चार वर्षांचा मुलगा रावण आल्यावर किंचाळून रडला. खेळ अर्धवट सोडून यावं लागलं.
*— एक आई, कोल्हापूर*

त्याला कडेवर घेऊन पडद्यामागे जायचं. काडीला धरलेला रावण बघितला की रडं थांबतं. आणि पहिल्या खेळाला रावण नकोच. दक्षिणेतले बाहुलीवाले हुशार, गंभीर कथेत मध्येच विदूषकांची जोडी सोडतात. आंध्रात जुट्टुपोलिगाडू आणि त्याची बायको बंगारक्का. ती दोघं भांडतात, एकमेकांना बडवतात, गावातल्या बड्या माणसांची टिंगल करतात. रामायणाशी त्यांचा काडीचा संबंध नाही आणि पोरं त्यांचीच वाट बघत असतात. घरी तुमच्या सोसायटीतलं एखादं भांडण बसवा. नावं बदला मात्र.

आम्ही सिंगापूरला असतो. डिसेंबरमध्ये इंडोनेशियात योग्यकार्ताला वायांग, म्हणजे तिथलं छायानाट्य, बघायला जायचंय, मुलं 7 आणि 11 वर्षांची. रात्रभर चालतं म्हणतात. झेपेल का? आणि कुठं बसायचं?
*— एक कुटुंब, सिंगापूर*

जा, जरूर जा. पण पर्यटकांसाठी दोनेक तासांचे खेळ असतात, मुलांना घेऊन त्यातलाच निवडा. पारंपरिक खेळ रात्री नऊच्या सुमाराला सुरू होतो तो पहाटेपर्यंत. विदूषकांचा धमाल भाग येतो मध्यरात्रीनंतर, म्हणजे तुमची मुलं झोपल्यावर.

वायांग कुलितच्या बाहुल्या म्हशीच्या कातड्याच्या. खेळवणारा एकटा, त्याला दालांग म्हणतात. सगळी पात्रं तोच बोलतो आणि वादकांना इशाराही तोच देतो. पायानं धातूच्या चकत्या वाजवतो ते वेगळंच. पुढे केळीचे बुंधे आडवे ठेवलेले असतात, त्यांत बाहुल्या खोचतात. दालांगच्या उजव्या हाताला पांडवांची बाजू, डाव्या हाताला त्यांचे शत्रू. मुलांना आधी महाभारत सांगून ठेवा, पण सेमार नावाचा एक जाडा, म्हातारा, विनोदी सेवक भेटेल, तो आपल्या महाभारतात नाही. सेवक दिसतो आणि आतून देव आहे. मुलांना अर्जुनापेक्षा तोच आवडेल.

बसायचं कुठं? हा प्रश्न विचारलात म्हणून तुम्हाला शंभरपैकी शंभर. तिथं दोन्हीकडे बसता येतं. एका बाजूला सावल्या, दुसऱ्या बाजूला दालांग, वादक आणि रंगवलेल्या, सोनेरी वर्खाच्या बाहुल्या. आता पुष्कळ लोक दालांगच्याच बाजूला बसतात. तुम्ही अर्धा वेळ इकडे, अर्धा तिकडे बसा. मोठ्या मुलीला एक कोडं घाला, जी बाहुली सावलीत काळी दिसणार तिला इतका वर्ख कशाला लावतात? उत्तर मला कळवा.

केरळात तर याच्याही पुढची गोष्ट आहे. तिथल्या तोलपावकूत्तूसाठी, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळासाठी, भद्रकालीच्या देवळापाशी कायमचा मंडप असतो, कूत्तुमाडम. लांबलचक पडदा आणि मागे 21 दिवे, अर्ध्या नारळात तेल घालून. राम-रावणाचं युद्ध झालं तेव्हा देवी दारिकासुराशी लढत होती, तिचं बघायचं राहून गेलं, म्हणून दर वर्षी तिला दाखवायचं, अशी कथा आहे. कितीतरी रात्री समोर एकही माणूस नसतो. देवी बघते आहे, एवढ्या भरवशावर पहाटेपर्यंत कम्ब रामायण, म्हणजे कम्बन कवीचं तमिळ रामायण, चालतं. मी गेले त्या रात्री आम्ही चौघं होतो आणि एक कुत्रा. कुत्रा शेवटपर्यंत बसला. आमच्यातले दोघं उठले.

आजोबा सांगायचे की कल्याणच्या पटवर्धनांचा सिनेमाच्या आधीचा ‘सिनेमा’ होता. ते छायानाट्यच का?
*— एक वाचक, कल्याण*

नव्हे, पण चुलत भाऊ म्हणा. ती शांबरिक खरोलिका. महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी 1892 पासून तिचे खेळ केले. काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलासारख्या यंत्रातून पडद्यावर टाकायची आणि भराभर बदलून हलती भासवायची. छायेत उजेड वस्तूला अडतो, इथं काचेतून पार होतो. उजेड, कापड आणि अंधारात बसलेली माणसं मात्र तीच.

मावशी, बाहुल्यांना एकाच पेटीत ठेवतात तर रात्री राम आणि रावण भांडत नाहीत का?
*— इयत्ता दुसरी, रत्नागिरी*

माझ्या पेटीत भांडत नाहीत, चिकटतात. माझ्या बाहुल्या तेलाच्या कागदाच्या ना, म्हणून प्रत्येकीच्या मध्ये मी वर्तमानपत्राचा तुकडा घालते. एकदा विसरले. सकाळी उघडते तर रावणाची तीन डोकी सीतेच्या पाठीला घट्ट! हळूहळू सोडवली, तरी एक फाटलंच. तेव्हापासून माझा रावण नऊ डोक्यांचा आहे. आतापर्यंत कुणी मोजली नव्हती. तू आलीस की मोजशील, म्हणून आधीच सांगून ठेवते.